साळू घाट उतरते

रंगूबाई : मोठं कर. आनखी मोठं कर की!

ईश्वरी : आजी, मोबाईल आहे हा. यापुढे नुसते ठिपके दिसतील. सांग ना पटकन, हीच का ती बाई?

रंगूबाई : थांब जरा. माझा चष्मा कुटं गेला?

ईश्वरी : डोळ्यांवर आहे.

रंगूबाई : व्हय की. हां... घाटाचा रस्ता. कडंवर पोरगी. पोरीच्या हातात उसाचं कांडं... ईश्वरी! अगं ईश्वरी! हीच ती! साळू!

ईश्वरी : साळू! आजी, मी तुला नाव सांगितलंच नव्हतं! हे बघ, खाली लिहिलंय, ‘साळूच्या भूमिकेत’... आई शप्पथ, काटा आला अंगावर!

रंगूबाई : तुला काय काटा येतोय? माझा हात बग. उज्वला तान्ही हुती तवापासनं हुडकतीया मी हिला. दुपारचं टीव्हीवर जुनं पिक्चर लागलं की भाजी करपायची माझी. म्हनायचं, हिचाच आसंल, हिचाच आसंल. कुटं घावली तुला?

ईश्वरी : सीवूड्सच्या मॉलमध्ये रविवारी जुने मराठी पिक्चर दाखवतायत. कुठल्यातरी गोडाऊनमध्ये डबे पडले होते, कुणालाच माहीत नव्हते. ते साफबिफ केले, आता इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दाखवणार. मी नुसती जाहिरात बघत होते आणि हा फोटो आला. मी तर कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ओरडलेच! पिक्चरचं नाव माहितीये? ‘घाटाखालचं माहेर’.

रंगूबाई : घाटाखालचं माहेर. आसं हाय व्हय! मला नावच ठाऊक न्हवतं बग.

ईश्वरी : तेच तर! मी आमच्या फिल्म क्लबमध्ये सगळ्यांना विचारून दमले. विहीर, घाट, कडेवर मुलगी, ऊस. सगळे म्हणायचे, असे शंभर पिक्चर असतील, नाव काय ते सांग. आणि तुला नावच माहीत नाही!

रंगूबाई : नाव पैल्यांदा दावत्यात. मी उशिरा गेलते. निम्मा पिक्चर झालता.

ईश्वरी : एवढ्या वर्षांत एक यात्रा, एक तंबू, एक पिक्चर, आणि तू उशिरा गेलीस?

रंगूबाई : सासर हुतं ते, तुझं कॉलेज न्हाई. सगळ्यांची जेवनं, भांडी, म्हशीचं... झाली कामं, मग गेले.

ईश्वरी : शेवट सांग. परत एकदा. मला रेकॉर्ड करायचंय.

रंगूबाई : कितींदा सांगू?

ईश्वरी : तुला सांगायला आवडतं. नाटक नको करू.

रंगूबाई : बरं. साळू विहिरीच्या काठाला हुभी. पोरगी खांद्यावर झोपल्याली. काळाकुट्ट अंधार. हातातल्या बांगड्या काढती, एक एक, आन काठावर ठिवती. तंबूत कोन श्वास घेत न्हवतं. आन फटकन दिवं लागलं!

ईश्वरी : रीळ बदलायला.

रंगूबाई : एकच मशीन आसायचं तवा. रीळ संपली की दिवं, दुसरी चढवली की अंधार. पन त्या बारीला लई येळ लावला मेल्यानं. म्हनलं, आता हिचं काय हुतंय? आन मग एकदम उजाडलं! पडद्यावर ह्ये ऊन! साळू घाट उतरतीया. नवं लुगडं, हातभर बांगड्या, पोरगी कडंवर, आन हसतीया गं, तोंड भरून हसतीया! एक गाडीवान इचारतो, “कुटं निगालीस गं साळू?” आन ही म्हनती, “घरी. माझ्या घरी.”

ईश्वरी : आणि संपला.

रंगूबाई : संपला की! त्याच्या म्होरं काय दावनार? सगळा तंबू हुभा ऱ्हायला. शिट्ट्या काय, आरडावरडा काय, पटकं काय उडवलं लोकांनी! कोन कुटली बाई, ती सुटली म्हनून गडीमानसं एवढी खूश झालती. माझं ऊर आसं भरून आलं. म्हनलं, जगात चांगली मानसं बी हायती की.

ईश्वरी : पण आजी, बांगड्या तर तिने काढून ठेवल्या होत्या ना?

रंगूबाई : नव्या भरल्या आसतील. मधी दिस गेलं आसतील.

ईश्वरी : हां, ते पण आहे.

रंगूबाई : पोरगी तेवढी जरा बारीक दिसत हुती. आदीपरीस ल्हान. म्हनलं, आबाळ झाली आसंल लेकराची.

ईश्वरी : आणि सकाळी तू निघालीस.

रंगूबाई : उजाडायच्या आत. तुझ्या आईला कडंवर घेतलं आन तडक माझ्या माहेरी. भैरूदादा यात्रेला आलता वाशीस्नं, मार्केटात माथाडी हुता ना तो. परत निगालता कांद्याच्या ट्रकातनं. म्हनलं, दादा, मला बी ने. पोत्यांवर बसून आलो आमी दोगी. साळू निगाली, मग मला काय झालतं निगायला? तवापासनं कांदा निवडला, बटाटा निवडला, पन परत फिरून त्या दाराला गेले न्हाई.

उज्वला : दार सताड उघडं टाकून काय चाललंय दोघींचं? खालपर्यंत आवाज येतोय.

रंगूबाई : उज्वला! आली का गं! साळू घावली!

उज्वला : कोण सापडली?

ईश्वरी : आई, आजीचा पिक्चर! यात्रेतला! रविवारी तीनचा शो आहे, सीवूड्सला. मी तीन तिकिटं काढली पण!

उज्वला : काढली? मला न विचारता?

ईश्वरी : विचारायचं काय त्यात? सरप्राईज!

उज्वला : आई, तुझा गुडघा... एवढा वेळ बसवणार आहे का तुला? आणि तो एसी. मागच्या वेळी सर्दी झाली होती.

रंगूबाई : शाल घेती. गुडघा हितं बसून काय कमी दुखतोय? मी ती मोरपंखी साडी नेसनार बग. आन खालच्या बाळाबाईला सांगून येते. तिला खोटं वाटायचं. म्हनायची, रंगे, तुझा पिक्चर तूच रचलायस. आता सांगते तिला!

उज्वला : आई, आत्ता कशाला, जेवून जा...

रंगूबाई : आले, आले! गॅसवर आमटी हाय, बगा!

*

ईश्वरी : काय झालं तुला? तिचं तोंड बघितलंस का? लहान मुलीसारखी जिना उतरली. आणि तू गुडघा, एसी, सर्दी!

उज्वला : तिकिटं कॅन्सल होतात का?

ईश्वरी : काय?

उज्वला : पैसे परत नाही मिळाले तरी चालेल. नुसती कॅन्सल कर. तिला सांगू शो रद्द झाला.

ईश्वरी : आई, वेड लागलंय का तुला? ती आयुष्यभर शोधतेय तो पिक्चर! आणि तूच लहानपणी मला झोपवताना सांगायचीस, त्या पिक्चरने आपल्याला तारलं म्हणून.

उज्वला : आवाज हळू. आमटी ढवळ. हातात काहीतरी असू दे, म्हणजे ओरडणार नाहीस.

ईश्वरी : हं. ढवळतेय. बोल.

उज्वला : साळू घाट उतरते ना, तो शेवट नाहीये. ती सुरुवात आहे.

ईश्वरी : म्हणजे?

उज्वला : पहिली रीळ. साळू सणाला माहेरी चाललीये, म्हणून हसतेय. तिथून पिक्चर सुरू होतो. मग सासर, मग सगळा छळ, आणि शेवटी विहीर.

ईश्वरी : आणि विहिरीवर?

उज्वला : गॅस बारीक कर.

ईश्वरी : आई. विहिरीवर काय होतं?

उज्वला : मुलीला घेऊन उडी मारते. सकाळी गाव जमतं. तिथे पिक्चर संपतो.

ईश्वरी : पण आजीने तर... थांब. थांब थांब थांब! तंबूवाल्याने रीळ उलटी लावली?

उज्वला : शेवटची रीळ आदल्याच खेळाला जळली होती. आता शेवटच नाही दाखवला तर लोक पैसे मागतील. म्हणून त्याने पहिलीच परत चढवली. त्याला वाटलं, अंधारात कोण बघतंय, साळू दिसली म्हणजे झालं.

ईश्वरी : म्हणजे त्या शिट्ट्या!

उज्वला : शिव्या होत्या. “फसवतोस का, पैसे परत दे!” तंबूच्या दोऱ्या कापल्या लोकांनी. सगळ्यांनी ती रीळ सुरुवातीला बघितली होती ना. आईच एकटी उशिरा आली होती. तिला वाटलं, हाच शेवट.

ईश्वरी : आणि पोरगी बारीक झाली म्हणून आबाळ झाली असेल... ओ माय गॉड. आई! ही केवढी भारी गोष्ट आहे! म्हणजे तो पिक्चर तसा कुणी बनवलेलाच नाहीये! जगात एकाच बाईने बघितलाय! यावर तर फिल्म होईल, सिरियसली, मी...

उज्वला : ईश्वरी.

ईश्वरी : काय?

उज्वला : तुझा प्रोजेक्ट नाहीये तो. तिच्या कडेवर मी होते.

ईश्वरी : ...सॉरी. पण तुला हे कुणी सांगितलं?

उज्वला : भैरूमामाने. माझं लग्न ठरलं तेव्हा. खरा शेवट त्याला आधीचे खेळ बघितलेल्यांनी सांगितला होता. तो होता त्या तंबूत, सगळ्यात पुढे. पैसे परत मागण्यात पण पुढे. ती मोठी शिट्टी त्याचीच, दोन बोटं घालून, मार्केटात ट्रक मागे घेताना मारायचा ती. मलाही त्यानेच शिकवली. सकाळी बहीण दारात उभी, कडेवर पोरगी, अंगावर वळ. ट्रकात बसल्यावर आईने सांगितलं, दादा, पिक्चरमधली बाई सुटली म्हणून मी निघाले. मग तो मेला तरी तिला खरं बोलला नाही. मला म्हणाला, पोरी, तू पण सांगू नकोस. ज्या लाकडाला धरून ती पोहत आली, ते कशाला काढून घ्यायचं?

ईश्वरी : पण आता ती किनाऱ्याला आहे ना, आई! स्वतःचं घर आहे, तू आहेस, मी आहे. आता कळलं तर काय होणार आहे?

उज्वला : तिला वाटेल, मी खोट्यावर घर सोडलं. इतकी वर्षं सगळ्या मार्केटला सांगत फिरली ती. किती बायकांना तिने हा शेवट सांगितलाय, माहितीये? त्या सुमित्राबाईला दारू पिणाऱ्या नवऱ्याकडून उठवून आणली ती हा पिक्चर सांगून. आणि आता ती पडद्यावर साळूला पाण्यात जाताना बघणार? माझ्या शेजारी बसून? नाही बघवणार मला.

ईश्वरी : आणि तिला शो रद्द झाला सांगितलं, तर ते बघवेल तुला? ती आत्ता खाली अख्ख्या बिल्डिंगला सांगत असेल. ऐक. ऐकू येतंय?

उज्वला : बाळाबाईला ओरडून सांगतेय. “चल बाई तू बी, खोटं म्हनत हुतीस ना!”

ईश्वरी : आई, चार तिकिटं लागणार वाटतं.

*

रंगूबाई : खुर्ची काय मऊ हाय गं! आमी तर वाळूत बसलो हुतो. बाळाबाई यायला पायजे हुती, पन तिच्या सुनेनं आजच दळान काढलं. तिला बरूबर कळतं कवा काढायचं. किती वाजलं?

ईश्वरी : सुरू होईल आता. आजी, माझा हात धर.

रंगूबाई : हात कशाला? मला काय भ्या वाटतंय? उज्वला, तू अशी का बसलीस गं, दवाखान्यात बसल्यावानी? पदर नीट घे. पैल्यांदा बगनार हायस तू साळूला. तवा झोपली हुतीस मेले, सगळा पिक्चर झोपून काडलास. दोनदा चिमटा घेतला तुला, तरी न्हाई.

उज्वला : आई, मला तुला एक सांगायचंय. पिक्चर सुरू व्हायच्या आधी.

रंगूबाई : दिवं गेलं! गप. मागनं सांग.

(अंधार. पडद्यावर पिक्चरचं नाव, आणि मग उन्हातला घाटाचा रस्ता.)

रंगूबाई : अगं! साळू! साळू, बग! आन ती पोरगी! उसाचं कांडं! ...पन ह्यो तर शेवट हाय! ईश्वरी, ह्येनी रीळ उलटी लावली! जा, सांग त्या मानसाला, आदीच शेवट दावला तर काय मज्जा ऱ्हाईल!

शेजारची बाई : आजी, जरा हळू बोला ना, प्लीज.

रंगूबाई : अवो, उलटी लागलीया! तुमाला बी पुडं कळनार न्हाई काय!

ईश्वरी : आजी... उलटी नाहीये. ही पहिलीच रीळ आहे.

रंगूबाई : पैली?

ईश्वरी : हो.

रंगूबाई : “कुटं निगालीस गं साळू?” ...इचारला बग. तोच गाडीवान.

उज्वला : आई, चल. आपण बाहेर जाऊ. चहा पिऊ.

रंगूबाई : म्हनून पोरगी बारीक हुती.

उज्वला : आई...

रंगूबाई : भैरूदादाला ठाऊक हुतं?

उज्वला : हो.

रंगूबाई : आन तुला?

उज्वला : ...हो. मामाने सांगितलं होतं. आई, ऊठ ना गं. पुढचं नको बघू. मी हात जोडते.

रंगूबाई : बस खाली. मानसांना तरास हुतोय. मी निम्म्यात आलते तवा. आज आख्खा बगनार.

*

ईश्वरी : आजी, इथे बस, या बाकावर. मी पाणी आणते. नाहीतर चहा? काहीतरी बोल ना गं.

रंगूबाई : चहा आन. आन ते बटाट्याचं काय मिळतं हितं, ते बी. भूक लागलीया.

ईश्वरी : खरंच?

रंगूबाई : जा की. न्हाई, थांब. आदी आईला बग तुझ्या. उज्वला, डोळं पूस. लोक बगत्यात.

उज्वला : बघू देत. मी नको म्हणत होते ना. मी सांगत होते हिला, नको. मला ती मुलगी दिसत होती खांद्यावर आणि... तू एकदा पण मान फिरवली नाहीस, आई. मी सारखी तुझ्याकडे बघत होते. सॉरी गं. मी आधीच सांगायला हवं होतं. पण मला वाटायचं, तू म्हणशील, सगळं खोटंच होतं.

रंगूबाई : खोटं कसं? म्या ह्या डोळ्यांनी बगितलाय. साळू विहिरीपास्नं परत फिरली. तंबूत फिरली ती. ह्यांच्या हितं न्हाई फिरली, तर मी काय करू?

ईश्वरी : आजी, तुला वाईट नाही वाटलं?

रंगूबाई : लई वाटलं. बांगड्या काढायला लागली तवा मी मनात म्हनत हुते, थांब बाई, जरा थांब, दिवं लागत्याल आता. पन ह्यांच्यात दिवंच लागत न्हाईत. सरळ पुडं जातंय.

उज्वला : आई, चल घरी.

रंगूबाई : उज्वला, एक इचारू? यात्रेतला पिक्चर बगायला बाई कवा जाती? सांजच्याला, सगळ्यांच्या संगं, भाकरी बांधून. का निम्मी रात झाल्यावर, एकटी, पोरगी खांद्यावर टाकून?

उज्वला : तू म्हणायचीस, कामं आटपली नव्हती म्हणून.

रंगूबाई : कामं कवाच आटपली हुती. म्या भांडी घासून पालथी घातली, तुला उचललं आन निगाले. सासरची विहीर तंबूच्या पल्याड हुती.

ईश्वरी : आजी...

रंगूबाई : पिक्चर बगायला कुनाला जायचं हुतं? मी तंबूवरनं म्होरं चालले हुते. आन आतनं एक बाई रडल्याली ऐकू आली. मला वाटलं, कोन हाय बाई माझ्यावानी? म्हनून कनात बाजूला करून बगितलं. दारावरल्या मानसानं तिकीट इचारलं न्हाई. तुझ्याकडं बगितलं त्यानं, आन म्हनला, बसा ताई, लेकरू अवघडलंय. म्हनलं, हिचं काय हुतंय तेवडं बगावं आन मग जावं.

उज्वला : आई गं...

रंगूबाई : ये. हिकडं ये. आता रड हवं तर. ईश्वरी, तू बी का रडायला लागलीस? तू तर चहा आननार हुतीस.

ईश्वरी : म्हणजे ती रीळ जळली नसती तर...

रंगूबाई : तर म्या त्या रातीला आत्ताचं बगितलं आसतं. आन उठून म्होरं गेले आसते. एवढंच की. बगा माझ्या दोनी बाजूला कोन बसलंय.

उज्वला : तू हे कधीच बोलली नाहीस मला. कधीच नाही.

रंगूबाई : काय बोलनार? तुझी आई तुला कुटं घिऊन चालली हुती, ह्ये सांगू पोरीला? म्हनून पिक्चरचं सांगत बसायची. त्येच्यातनं आनंद व्हायचा. खरं बी हुतं ते.

उज्वला : मामाने मला सांगितलं नाही, मी तुला सांगितलं नाही, तू मला सांगितलं नाहीस. छान आहे आपलं घर.

रंगूबाई : मला वाईट वाटतं त्या साळूचं. बिचारीच्या वाटंत आमचा तंबू लागला न्हाई.

ईश्वरी : चहा घेऊन येते. दोनच मिनिटं.

रंगूबाई : ईश्वरी! हिकडं ये. ह्यो पिक्चर परत हाय का आज?

ईश्वरी : हो, सहाला. का?

रंगूबाई : तिकिटं काढ. तीन.

उज्वला : आई! परत? परत ते सगळं बघायचंय तुला?

रंगूबाई : सगळं कोन म्हनलं? विहीर बगून झाली ना आपली? आता पैली रीळ लागंल. तेवढीच बगायची. मागनं उठायचं.

ईश्वरी : आजी!! आजी, तू जीनियस आहेस! म्हणजे तोच क्रम! विहीर, दिवे, मोठा इंटरवल, आणि मग घाट!

रंगूबाई : तवा बी लई येळ लावला हुता मेल्यानं. आज चहा पिऊस्तवर लावंल.

उज्वला : दहा मिनिटांसाठी तीन तिकिटं?

रंगूबाई : तू त्या टायमाला झोपली हुतीस. तुला दावायचीया. एवढी मोठी झालीस, साळू हसल्याली बगितली न्हाईस.

उज्वला : आत्ता बघितली ना. तीन वाजता.

रंगूबाई : तवा तू माझ्या तोंडाकडं बगत हुतीस. पडद्याकडं कवा बगितलंस?

ईश्वरी : मिळाली! कडेच्या तीन सीट, दाराजवळच्या. आई, चल ना, नको विचार करू! चहा, बटाटावडा, आणि मग घाट! मी तर सकाळपासून एवढी एक्साइट नव्हते!

*

रंगूबाई : उज्वला, नीट बस. आता डोळं मिटू नको. चिमटा घीन.

उज्वला : नाही मिटत.

ईश्वरी : नाव आलं! आजी, नाव आलं!

रंगूबाई : नाव म्होरं जाऊ दे. ते आमच्यात न्हवतं. हां... आता बग. उजाडलं. बग, कसं ऊन पडलंय. आली बग साळू!

उज्वला : किती छान हसते गं ती.

रंगूबाई : सांगत हुते ना? हातभर बांगड्या. नव्या भरल्यात.

ईश्वरी : आणि बारकी बघ, ऊस कशी चोखतेय, सगळा रस साडीवर!

उज्वला : आई, मी अशी होते का?

रंगूबाई : हिच्यापरीस जड हुतीस. कांद्याच्या पोत्यावर बसल्यावर तुला हातात कांदा दिला, तर तो बी चोखायला लागलीस.

ईश्वरी : गाडीवान आला!

रंगूबाई : गप, गप. ऐका आता.

उज्वला : “घरी. माझ्या घरी.”

रंगूबाई : म्हनली बग! उज्वला, मार! भैरूदादानं शिकवलीया ना? दोन बोटं घालून! मार शिट्टी!

उज्वला : इथे? आई, मॉल आहे हा!

रंगूबाई : मार गं! त्या दिशी सगळ्या तंबूनं मारली. आज कोनीतरी खरीखुरी मारा.

ईश्वरी : आई, मार! मार ना! ...आई!! कसली खतरनाक शिट्टी!

मागची बाई : अहो, काय हे! कोण आहे तिकडे?

रंगूबाई : माझी लेक हाय. चला, उठा. ईश्वरी, शाल घे माझी.

मागची बाई : निघालात? आजी, पिक्चर आत्ता कुठे सुरू झालाय.

रंगूबाई : बसा तुमी, बाई. आमचा संपला.